पेटीत नसलेला सूर

मी, इश्वर सदाशिव लांजेवार, वय एकाहत्तर, धंदा शेती व फिडलवादन, राहणार दिघोरी, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाचाही दबाव नसताना लिहून ठेवत आहे. स्मरणशक्ती शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माणूस किती थकला आहे हे दाखल्यात लिहीत नाहीत, म्हणून इथे लिहितो. फार थकलो आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कंटाळा केला.

१. राहते घर पत्नी निर्मलाबाई हयात असेपर्यंत तिचे, व तिच्यानंतर मुलगा कैलाश याचे. ओसरी मात्र भिंत घालून बंद करू नये. कैलाशला तिथे त्याच्या डीजेचे डबे ठेवायचे आहेत, हे मला ठाऊक आहे. डबे शहापूरच्या गोदामातच राहू द्यावेत. ओसरी कशाला लागते ते कलम चारमध्ये येईल.

२. तळ्याखालची धानाची बांधी कैलाशची. बँकेतली शिल्लक निर्मलाबाईची. तिने ती माहेरच्यांना उसनी देऊ नये. देईलच, पण मी सांगून ठेवले.

३. नाटक मंडळीचे मालक भैय्याजी यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. त्यांनी काही मागितलेले नाही, तरी लिहितो. माझा लहानपणचा मित्र चिंधू कापगते आणि मी त्यांच्या ताफ्यात वाजवत होतो. त्याचे मेंडोलिन, माझी फिडल, बाकी ऑर्गन, तबला, क्लॅरनेट असा भरलेला ताफा. एका मोसमात भैय्याजींनी मशीन आणले. त्यात आमच्या दोघांच्याही वाद्यांचे आवाज भरलेले होते म्हणे. आम्हाला म्हणाले, "तुमी नुसते हात हालवा. आवाज मशीन देते. लोकायले वाद्य दिसलं पाहिजे." पहिला अंक आम्ही तसे हात हलवले. दुसऱ्या अंकाआधी चिंधूने मेंडोलिन पिशवीत घातले आणि म्हणाला, "इश्वर, खोटा हात मले हालवता येत नाही. चाल." आम्ही निघून आलो.

त्यानंतर कोणत्याच ताफ्यात बसलो नाही. दोघेच वाजवत राहिलो. हळदीला, बारशाला, तेरवीला, शिवरात्रीला देवळात. माइक नाही, लोकांनी जवळ येऊन बसायचे. मला वाटले होते, दोघांत काम हलके होईल. झाले उलटेच. ताफ्यात एखादा चुकला तर तबला झाकून घेतो. दोघांत काही झाकले जात नाही, आणि समोरचा श्वास घेतो तेवढा वेळ आपणच घर सांभाळायचे असते. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलेल्या एका कुटुंबाने नव्या घराच्या पूजेला बोलावले होते. आम्ही आटोपते घेतले तर तिथली म्हातारी म्हणाली, "अजून वाजवा जी. हे घर अजून आपलं वाटून नाही राहिलं." अंधार पडेपर्यंत वाजवले. भैय्याजींच्या स्टेजवर असे मला कोणी कधी म्हटले नाही.

भैय्याजी तेरवीला आले तर त्यांना पोटभर जेवू घालावे. माझ्यावर भाषण करू लागले तर कैलाशने माइक बंद करावा. तो धंदा त्याला येतो.

४. फिडल, गज, राळेचा डबा व कापडी पिशवी. घर-बांधीचे लिहायला वेळ लागला नाही. या कलमापाशी बरेच दिवस अडलो.

कारण असे. चिंधूच्या मेंडोलिनची मान कच्ची, आणि तारा मिळतात नागपूरला. म्हणून तार तुटू नये यासाठी तो ती जराशी उतरवून ठेवी. मी त्याच्यावरून फिडल मिळवी. पुढच्या वेळी तो माझ्यावरून मिळवी आणि पुन्हा जराशी उतरवी. सोबत पेटी नसल्याने आमचा सूर वर्षानुवर्षे खाली चालला आहे हे दोघांच्याही लक्षात आले नाही. एकदा सप्ताहात भजन मंडळाच्या पेटीवाल्याने आमच्याबरोबर वाजवायची हौस केली. सगळ्या पट्ट्या दाबून झाल्यावर म्हणाला, "तुमचा सूर माह्या पेटीतच नाही." लोक हसले. आम्हीही हसलो आणि तिथेच राहिलो. आता वर चढायचे म्हटले तर मेंडोलिनची मान मोडेल.

म्हणजे मी गेल्यावर चिंधूशी जुळणारे वाद्य या मुलखात एकच उरते, ते म्हणजे माझी फिडल. ती वर चढवून कोणाच्या ताफ्यात गेली, तर चिंधू असून नसल्यासारखा होईल. त्याने मला सांगूनही टाकले होते, "तुह्यामागं मी मेंडोलिन खुंटीले टांगतो." मरणाची मला भीती नाही, या वाक्याची आहे.

म्हणून फिडल त्यालाच द्यायचे ठरवले. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नका. हे मी चिंधूला सांगितले. त्याने हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाला, "मंग मी साक्षीदार होतो."

"अरे, मग फिडल तुला मिळणार नाही."

"मी कायले घेऊ? माह्या घरी दोन वाद्यं अन् वाजवणारा एकटा. तिले इथंच राहू दे. रुपा हाय ना?"

रुपा म्हणजे कैलाशची पत्नी, माझी सून. माझी बोटे आखडली तेव्हापासून खुंट्या तीच पिळते. दुपारी मी डोळे मिटून पडलो की गज फिरवून पाहते. मला कळते. शिकवायचे त्राण उरलेले नाही. चिंधूने तिला हाक मारून वाजवायला लावले. ती म्हणाली, "मामाजी, मले तुमच्यासारखं नाही येत." चिंधू म्हणाला, "याच्यासारखं मले पायजेच नाही. सूर तेवढा सोडू नको."

सबब फिडल रुपाची. कैलाशने फिडलला वायर जोडू नये व ती विकू नये. चिंधू हयात आहे तोवर ती पेटीवरून मिळवू नये, फक्त मेंडोलिनवरून मिळवावी. पुढे रुपाला वाटेल तसे. ओसरी यासाठी लागते, दोघांना बसून वाजवायला.

५. माझ्या अंत्ययात्रेत डीजे नको. चिंधूलाही वाजवायला सांगू नये, त्याला खांदा द्यायचा आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निर्मलाबाईने करावी. तसेही घरात तिचेच चालते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. बोटे आखडली आहेत म्हणून सही वाकडी आली आहे, माणूस तोच आहे.

ठिकाण : दिघोरी
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

(सही) इश्वर सदाशिव लांजेवार

साक्षीदार :

१. (सही) चंद्रकांता निंबार्ते, शेजारी राहणार, निवृत्त शिक्षिका. सही माझ्यासमोर झाली.

२. (सही) चिंधू कापगते, राहणार दिघोरी. इश्वरनं माह्यासमोर सही केली. तो शुद्धीत हाय. मले याच्यातून काही भेटत नाही. रुपाले सांगजा, उद्या चहाच्या टायमाले येतो, फिडल काढून ठेव.