आमच्या घरात असं कुणी नाही

प्रिय आत्ती,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच दादांच्या हातात देशील, याची मला धास्ती आहे. म्हणून दादांना आधीच सांगून ठेवलंय, तुम्ही वाचायचं नाही, तिचं तिला वाचू द्या. पेपरातली मयताची बातमीसुद्धा तू सोडत नाहीस, तेव्हा माझी ही चार पानं होतील वाचून. रागानं मध्येच ठेवलंस तर ठेव, पण शेवटचं पान बघितल्याशिवाय चुलीत घालू नकोस.

लोक मला विचारतात, अभिनय कुठं शिकलात? मी पुण्याचं नाव सांगते. तुझं कधी सांगितलं नाही. आई पेठ वडगावच्या शाळेत बाई होती, शनिवारी गारगोटीला यायची आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जायची. आठवडाभर मी तुझी, दीड दिवस तिची. तुझ्याजवळ मी ‘न्हाय’ म्हणायचे, रविवारी ती माझ्याकडून ‘नाही’ घोटून घ्यायची. ‘आत्तीसारखं बोलू नको’ असं ती म्हणायची, आणि त्यात तुझं अडखळणंही आलं हे आपल्या तिघींनाही कळायचं. तू मान खाली घालून भाकरी थापत राहायचीस. लग्नानंतर आठ महिन्यांत सासरच्यांनी तुला ‘पोरीला बोलता येत न्हाय’ म्हणून तुझ्या भावाच्या, दादांच्या दारात आणून सोडलं, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी एवढंच माहीत होतं की शब्द अडला की तू मांडीवर थाप मारतेस आणि तो सुटतो. या पत्रात तुझं बोलणं मी सरळ लिहिणार आहे, एकही अक्षर दोनदा न लिहिता. तेवढं तरी माझ्या हातात आहे.

पाचवीत असताना मे महिन्यात मी चुलत भावंडांसमोर तुझी नक्कल केली, ती तू दारातून बघितलीस. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस आणि म्हणालीस, ‘परत कर की गं.’ त्या एका हसण्यावर मी वीस वर्षं हक्क सांगत आले. ते हसणं होतं की पोरांसमोर दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून हसलीस, हे मी तुला एकदाही विचारलं नाही.

मुंबईत पहिली सात वर्षं कशी गेली ते मी घरी सांगत नव्हते. एका दिग्दर्शकानं सगळ्या युनिटसमोर म्हटलं होतं, ‘हिच्या ‘ण’ला अजून माती लागलीय.’ मग वर्षभर आरशासमोर दातांत पेन्सिल धरून वाचत बसले. माती निघाली. मी कुठली हे कुणाला ओळखू येईना, आणि नर्स किंवा नायिकेची मैत्रीण यापलीकडे कामही मिळेना. तशात टीव्हीवरच्या त्या विनोदी कार्यक्रमात एक बाई आयत्या वेळी आली नाही. ‘तू कोल्हापूरची ना? गावाकडचं काहीतरी कर, चार मिनिटं,’ असं म्हणून त्यांनी मला उजेडात ढकललं. मी काही ठरवलं नव्हतं, आत्ती, खरंच. तोंडातून पहिला शब्द निघाला तो अडला आणि माझा हात आपोआप मांडीवर पडला. असा हशा मी जन्मात ऐकला नव्हता. त्या रात्री मी झाले ‘धुरपाक्का’. मग धुरपाक्काला लुगडं आलं, दर आठवड्याला नवा शब्द अडायला लागला. माझ्या खऱ्या नावानं मला कुणी हाक मारेना, आणि ते मला आवडायला लागलं.

डेअरीवर दूध घालायला गेलीस की बायका तुला ‘या धुरपाक्का’ म्हणतात, पोरं मांडीवर थापा मारत मागून येतात, आणि आता किटली घेऊन गुंडूकाकाच जातो, हे दादांनी मला फोनवर सांगितलं होतं. मी म्हटलं, ‘लोकांना काय, चार दिवस बोलतील.’

तरीही फेब्रुवारीत कोल्हापूरला माझा सत्कार होता तेव्हा तू आलीस. तिसऱ्या रांगेत, दादांच्या शेजारी, ठेवणीतलं इरकल नेसून. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं विचारलं, ‘ही धुरपाक्का तुम्हाला भेटली कुठं?’ आणि मी बघितलं, तू पदर सावरलास. सरळ बसलीस. मी हात करीन आणि सगळा हॉल वळून बघेल, म्हणून तू तयार झालीस. इतकं सगळं सोसून तयार झालीस. आणि मी हसत म्हणाले, ‘कुणी नाही हो, सगळं मनातलं. आमच्या घरात असं कुणी नाही.’ पुढं कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होते की तुला कॅमेऱ्यांपासून वाचवलं. खोटं आहे ते. तू माईकवर काही बोलशील, तो अडलेला शब्द मला सगळ्यांसमोर ऐकावा लागेल, आणि कुणी हसणार नाही, याची मला भीती वाटली. हॉलमधले दिवे लागले तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती. परतीच्या वाटेवर गाडीत तू दादांना एवढंच म्हणालीस म्हणे, ‘नक्कल केली त्याचं काय न्हाय, आकाराम. पर मी न्हाय म्हणून सांगितलं तिनं.’

मे महिन्यात मी घरी आले. तीन दिवस तू मला वाढलंस, भाकरीवर लोण्याचा गोळाही ठेवलास, आणि एक शब्द बोलली नाहीस. मी मागून आले की गोठ्यात जायचीस. परत येऊन मी चॅनलला कळवलं, यापुढं धुरपाक्का करणार नाही. मला वाटलं होतं, मी थांबले की ती थांबेल. ते म्हणाले, ‘पात्र आमचं आहे, तुम्ही मोकळ्या आहात.’ आता मोना नावाची एक मुलगी ते करते. तिनं तुला कधी बघितलेलंसुद्धा नाही. ती थाप दोन्ही हातांनी मारते. मी लावून दिलेलं मला थांबवता आलं नाही, हे तू माझ्याकडूनच ऐकावंस.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. सोमवारी दुपारी दादा शेतावर असणार हे बघून मी फोन केला होता. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. ‘कोन?’ म्हणून तू विचारलंस. ‘आत्ती’ म्हणायला गेले तर नुसता ‘आ’ निघाला, पुन्हा ‘आ’, पुन्हा ‘आ’, पुढचं अक्षर काही केल्या येईना. तू ऐकत राहिलीस. मग म्हणालीस, ‘अजून भागलं न्हाय व्हय तुझं?’ आणि फोन ठेवलास. परत लावायची माझी छाती झाली नाही, कारण परत तसंच झालं असतं. आत्ती, ती नक्कल नव्हती गं. मी रडत होते.

तुझीच,
संयोगी