‘नको’वरच्या सह्या

प्रिय ताई,

दार उघडत नाहीस, फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. बघ, आली शहाणी लिहायला, असं म्हणशीलच. म्हण. पण फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच, मग खुशाल तुकडे कर.

तू एकतीस वर्षं पॅकिंगमध्ये उभी राहून मला शिकवलंस, म्हणून मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसले. हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस. मेलं, बोलली असतीस तर बरं झालं असतं! खाली तुझे घोटे सुजायचे आणि वर पंख्याखाली बसून मी तुमचे कागद लावायची. त्यातलाच एक त्या पेन्शन योजनेचा.

नियम असा, की योजना सगळ्या कामगारांना खुली असेल तरच मालकाला करात सूट. नुसत्या साहेबलोकांसाठी ठेवली तर नाही. मात्र जो आपल्या सहीने ‘मला नको’ असं लिहून देईल, तो बाहेर राहिला तरी सूट जात नाही. आमच्या साहेबांनी त्यातून बरोबर वाट काढली. योजना सगळ्यांना खुली, आणि पॅकिंगच्या अकराही बायकांची दर वर्षी ‘नको’वर सही! त्या सह्या आणायला मलाच पिटाळायचे, कारण मी तुझी बहीण. तू हात पुसून न वाचता सही ठोकायचीस, आणि तुझं बघून बाकीच्या दहाजणी.

पहिल्या वर्षी, खरंच सांगते, मला वाटलं मी तुझं भलंच करतेय. योजनेत आलीस तर पगारातून कापणार, आणि भाचीची फी तोंडावर आलेली. तिसऱ्या वर्षी मात्र नियमांचं पुस्तक उघडलं. तू जेवढे भरशील त्याच्या दुप्पट मालकाने भरायचे होते. मी पुस्तक मिटलं. माझी बढती व्हायची होती ना त्याच महिन्यात! पुढची चौदा वर्षं मी तोंड शिवून तुझ्यापुढे तो कागद धरला, आणि तू दर वेळी विचारलंस, जेवलीस का गं? लाज वाटते मला, ताई. निवृत्तीच्या दिवशी रिकाम्या हाताने माझ्या टेबलाशी आलीस, तेव्हाही मी रजिस्टरात डोकं घालून बसले.

सोमवारी तुम्ही पेन्शनसाठी लावलेल्या दाव्याची सुनावणी. काल कंपनीच्या वकिलाने मला बोलावून घेतलं. म्हणतो कसा, सख्खी बहीण ऑफिसात असताना हिला काही माहीतच नव्हतं, हे कोण मानेल? मी फक्त एवढंच सांगायचं, की सगळं घरी समजावून दिलं होतं. म्हणजे आपलं नातंच तुम्हा अकराजणींच्या विरुद्धचा पुरावा! म्हणून हे लिहिलं. माफी मागायला नाही, ती देऊही नकोस. हे पत्र तुमच्या वकीलबाईंना दे, भर कोर्टात मोठ्याने वाचू देत. मला माहीत होतं आणि मी माझ्या ताईला सांगितलं नाही. विचारलं तर उभी राहून हेच सांगेन. नोकरी जाईल, माझं पेन्शनही अडकवतील, अडकवू देत. तू तेवढी त्या दिवशी माझ्याकडे बघू नकोस, नाहीतर मला बोलता येणार नाही.

तुझीच,
धाकटी