चुंबक चिकटलं नाही

रविवार, ९ मार्च

काय करून बसले मी! जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात आज हुशारी नुसती उतू चालली होती. डॉक्टरांची गाडी जॅकवर घेतलेली. कुणीतरी म्हणालं, "ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओळखण्यात बाईंचा हात कुणी धरू शकत नाही!" झालं. चढले हरभऱ्याच्या झाडावर.

गाडीखाली सरपटले. तिथूनच भाषण — या मॉडेलचे पहिले गिअरबॉक्स बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, महाजड. काही वर्षांनी ॲल्युमिनियमचे आले. ही गाडी पहिल्यांतली. मग खिशातलं लोहचुंबक काढलं, जादूगारासारखं सगळ्यांना दाखवलं आणि लावलं. टपकन खाली!

"हा मूळचा नाहीच. नंतर बदललाय."

टाळ्या. डॉक्टर मात्र लालबुंद. "आबांशिवाय कुणाच्या हातात गाडी दिली नाही मी!" आबा समोरच उभे. "माझा गिअरबॉक्स विकून खाल्लात?" — चारचौघांत!

आबांनी चष्मा काढला, पुसला, निघून गेले.

माझे आबा, माझे उस्ताद! गॅरेजात मुलगी नको म्हणून सगळ्यांनी हाकललं तेव्हा पान्हा हातात देणारे. चुंबकाची युक्तीही त्यांचीच.

सोमवार, १० मार्च

आबांकडे जायचं ठरवलं होतं. धीर झाला नाही.

बुधवार, १२ मार्च

नवरा म्हणतो, "तू खोटं तर बोलली नाहीस ना?" नाही. तेच तर! खोटं असतं तर माफी मागून मोकळी झाले असते.

डॉक्टर गावभर सांगत सुटलेत. आबांचं एक जुनं गिऱ्हाईक गाडी घेऊन माझ्याकडे आलं. परत पाठवलं. पण क्षणभर बरं वाटलं — शी!

शनिवार, १५ मार्च

गेले एकदाची. आबा कार्बोरेटर धूत होते.

"आबा, चुकलं माझं."

"कुठे चुकलं? बरोबर ओळखलंस."

"मग का बदललात?"

हात पुसत बसले. काकू आतून म्हणाल्या, "विचारू नकोस गं. मलाही सांगत नाहीत."

परत येताना मनात आलं — खरंच विकला असेल का? आबांबद्दल असं मनात येतं माझ्या! स्वतःचीच किळस आली.

सोमवार, १७ मार्च

डॉक्टरांची बायको माझ्या गॅरेजात आली. एकटीच. बसली नाही.

"हे परगावी होते तेव्हा मी गाडी शिकायला काढली. दगडावर आपटली, गिअरबॉक्स फुटला. तेव्हा यांचा हात उठायचा माझ्यावर. आबांनी कुठून कुठून दुसरा शोधून आणला, हे यायच्या आत बसवला. कुणाला सांगू नका म्हणाले होते मी. अजून नाही सांगितलं त्यांनी."

तिने बाही मागे सारली. मनगटावर निळं. परवाचं.

"तुम्हीही सांगू नका."