बर्फवाल्याचे जिवाणू

सोमवार, ४ नोव्हेंबर

हा माणूस नक्की कोणाचा? पांढरा कोट, हातात बर्फाची बादली. जिवाणूंच्या खोलीच्या दारावर कोपराने टकटक करतो आणि आतलं कुणीतरी कोण आहे ते न बघताच दार उघडतं! कार्डाचं कुलूप बसवलंय, पण दोन्ही हातांत ट्रे असताना कार्ड काढणार कोण? आम्ही सगळेच कोपराने दार वाजवतो. आज तर मीच उघडलं. वर "थँक्यू" म्हणाला!

मंगळवार, ५ नोव्हेंबर

वरच्या लॅबमध्ये विचारलं, जिवाणूंची खोली त्यांची-आमची एकच. "तो बर्फवाला? तुमचाच ना?" आमच्याकडे विचारलं — "वरच्यांचा." म्हणजे कुणाचाच नाही! आणि आत फ्रीजरभर रोगजंतू, धडधाकट माणसाला आडवं करणारे. पण खरं सांगू? भीतीपेक्षा उत्सुकता जास्त. दादा फोनवर म्हणाला, "पीएचडी करतेस की हेरगिरी?"

दोन्ही!

गुरुवार, ७ नोव्हेंबर

गाठलंच आज. "तुम्ही कोणत्या लॅबचे?" त्याने बादली खाली ठेवली. मग म्हणाला, लॅबच राहिली नाही. त्याचे गाईड वारले, लॅब बंद झाली, पीएचडी अर्धवट, कार्डही गेलं. आता औषधं विकत फिरतो. पण त्याने मातीतून शोधलेले जिवाणू आमच्याच खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात मागे दडवलेत. कीटकनाशक खातात म्हणे! दर दोन-तीन दिवसांनी ताजं खाद्य दिलं नाही तर मरतात, म्हणून येतो.

"त्या रोगजंतूंच्या फ्रीजरला कधी हात लावला नाही हो, शप्पथ." खरंच असेल. पण ते मला कसं कळणार? आणि उद्या दुसराच कुणी बादली घेऊन आला तर?

सांगितलं त्याला — मी बाईंच्या, म्हणजे माझ्या गाईडच्या, कानावर घालणार. तो एवढंच म्हणाला, "मग यांचं काय करतील?"

"बेवारस जिवाणू ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर मारायचे, असा नियम आहे."

कशाला बोलले! चेहरा एवढासा झाला त्याचा.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

बाईंना घडाघडा सगळं सांगितलं. भडकल्याच — पण आमच्यावर! "लॅब आहे की धर्मशाळा? कुणीही यावं?" मग चष्मा काढून हळूच, "खरंच खातात कीटकनाशक?" डोळे असे चमकले! म्हणाल्या, "बोलाव त्याला. रीतसर नोंद करू, कार्ड देऊ, पीएचडीचंही बघू."

मी तर उडीच मारली. पण त्याचा फोन नंबर घेतलाय कुठे? एवढ्या चौकशा केल्या आणि नेमकं तेवढंच राहिलं! असू दे, येईलच.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सकाळीच येऊन गेला. वरच्या लॅबमधल्या मुलीने दार उघडलं. खालचा कप्पा रिकामा. ऑटोक्लेव्ह अजून गरम होता — त्याच्या जिवाणूंच्या सगळ्या नळ्या आत.