गुरुवारी झिजलेले टायर

मंगळवार, ३ ऑक्टोबर

पंक्चर! तेही माझ्या यिपेताला, एवढ्या दांडग्या जीपगाडीला. पाचशे नव्वद घोड्यांची ताकद, आत अस्सल कातड्याच्या सीट, बावीस इंची चाकं — आणि तिला लोळवलं कोणी, तर एका छपराच्या खिळ्याने. आमच्या ला वेगा गावाच्या भर चौकात. लोक बघत होते. काही तर मुद्दाम थांबून बघत होते.

नाइलाजाने नेनोकडे न्यावी लागली. रस्त्याकडेची पत्र्याची टपरी, बाहेर जुन्या टायरांची चळत, नेनो बनियनवर. त्याने पंक्चर काढलं. मग कोणी सांगितलं नसताना उरलेल्या तिन्ही चाकांपाशी जाऊन उकिडवा बसला, अंगठा फिरवत राहिला.

"वकीलसाहेब, चारही टायर संपलेत. पण कसे संपलेत ते बघा. मधली नक्षी शाबूत आहे, दोन्ही कडा घासल्यात. गावात फिरून टायर असा झिजत नाही. हा डोंगरातल्या वळणांवर झिजलाय. चालवणाऱ्याचा हात पक्का आहे. वळणाला घाबरत नाही, उगाच ब्रेकवर उभा राहत नाही. मानलं तुम्हाला."

मी नुसती मान डोलावली. माणूस इतक्या आदराने बोलत असताना त्याला मधेच तोडणं बरं दिसत नाही.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मी चाळीसच्या वर ही गाडी कधी नेली नाही. खड्डे! घर ते कचेरी, कचेरी ते क्लब, रविवारी चर्च. दर गुरुवारी राजधानीत कोर्टाची कामं असतात, तेव्हा बसने जातो. तिथे कोणी ओरखडा काढला तर? डोंगरात एकदाच गेलो होतो, हाराबाकोआला, कोबीच्या ट्रकमागून. पण कडा घासल्यात हे खरं. जातिवंत गाडी आहे, थोड्या चालवण्यातही गुण दाखवत असेल.

बुधवार, ४ ऑक्टोबर

झुनिल्दाला नेनोचं बोलणं सांगितलं. ती उकडलेली केळी कुस्करत होती. "असं म्हणाला?" एवढंच म्हणाली आणि जरा जास्तच जोरात कुस्करायला लागली. बायकोच्या तोंडून कौतुक ऐकायला मिळणं माझ्या पत्रिकेत नाही.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

क्लबमध्ये डॉमिनोच्या टेबलावर विषय निघाला. म्हणजे मीच काढला. फाउस्तोचीही यिपेता आहे, माझ्याच मॉडेलची, पण त्याने चाकं काळी करून घेतलीत. त्याच्या मुलीचा धर्मपिता मी, म्हणून चारचौघांत मला काहीही बोलायचा त्याला परवाना आहे.

"माझ्या दोन्ही कडा गेल्या," मी म्हणालो. "डोंगर, दुसरं काय."

"तू आणि डोंगर? अरे, गतिरोधक आला तरी तू छातीवर क्रुसाची खूण करतोस!"

सगळे हसले. मीही हसलो, नाहीतर वाईट दिसलं असतं. मग त्याने सल्ला दिला. इटालियन स्पोर्ट टायर. रुंद, जवळजवळ गुळगुळीत, ताशी तीनशे किलोमीटरला टिकणारे. "तुझ्यासारख्या डोंगरातल्या वाघाला दुसरं काही शोभणार नाही." चेष्टा करत होता, कळत होतं. तरी वाघ हा शब्द कानाला गोड लागला.

रविवार, ८ ऑक्टोबर

जेवणाच्या टेबलावर तीन कॅटलॉग पसरले. जर्मन, जपानी, इटालियन. झुनिल्दाने हात पुसत डोकावून पाहिलं.

"पावसात कसे आहेत?"

"तीनशेच्या वेगाला टिकतात!"

"मी पावसाचं विचारलं. खोल खाचांचे घे ना. हे जपानी बघ."

मग मी तिला अर्धा तास समजावलं — रबराचे प्रकार, तापमान, रुंदी. ती उभ्याने ऐकत होती. शेवटी म्हणाली, "घे तुला हवे ते, रादामेस. नेहमी तसंच होतं." आणि भांडी घासायला गेली. एवढं शास्त्र सांगितलं, आणि हे बक्षीस!

मंगळवार, १० ऑक्टोबर

इटालियन मागवले. वाटेत नेनोने हात केला म्हणून काच खाली केली. त्याला कुठून कळलं देव जाणे, इथे कोणी शिंकलं तरी गावभर होतं. म्हणाला, "साहेब, दिसायला झकास. कोरड्या, सपाट रस्त्याला ठीक. डोंगरात पाऊस लागला तर पाणी बाहेर पडायला जागाच नाही त्यांना. गाडी पाण्यावर तरंगेल." पत्र्याच्या टपरीत बसून इटलीच्या इंजिनिअरांना शिकवतोय. काच वर केली.

शनिवार, १४ ऑक्टोबर

बसवले. गाडी अशी दिसते की शेजारचा प्राध्यापक दोनदा बाहेर येऊन कचरा टाकून गेला.

पण एक गोष्ट झाली. शोरूमचा माणूस जुने टायर बघून म्हणाला, "दोन्ही कडा गेल्यात. हवा कमी ठेवत असाल." मी भडकलोच. हवा! दर सोमवारी सकाळी मी स्वतःच्या मीटरने चारही चाकांची हवा मोजतो. वहीत लिहितो. चार वर्षांत एक सोमवार चुकला नाही. "हवेचा प्रश्नच नाही," मी सुनावलं. "मग डोंगराशिवाय दुसरं काही नाही," तो म्हणाला.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. हवा बरोबर होती. मी डोंगरात गेलो नाही. कडा तर गेल्या.

गाडीत बसून किलोमीटरचा आकडा पाहिला. एकसष्ट हजार. मी नेहमी बाहेरून ओरखडे बघतो, हा आकडा कधी नीट वाचलाच नव्हता. घर, कचेरी, क्लब आणि चर्च मिळून मला एकसष्ट हजार व्हायला उरलेलं आयुष्य पुरलं नसतं.

घरात माझ्याशिवाय गाडी चालवता येणारं माणूस एकच आहे.

रविवार, १५ ऑक्टोबर

स्ट्रॉबेरी! दर गुरुवारी संध्याकाळी फ्रिजमध्ये डोंगरावरच्या कोन्स्तान्साची ताजी स्ट्रॉबेरी असते. चार वर्षं मी ती साखर घालून खातोय. एकदाही विचारलं नाही कुठून आली. वर आणखी मागून घेतली!

झुनिल्दा वर ज्याला भेटते तो कोण असेल? एखादा शेतकरी? शेतकऱ्याशी माझी काय तुलना होणार? त्याच्याकडे जमीन असेल, घोडा असेल. अंगात ताकद असेल.

पुरावा हातात येईपर्यंत साक्षीदाराला प्रश्न विचारायचा नसतो.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

आज ती केस रंगवून आली. कोणासाठी?

गुरुवार, १९ ऑक्टोबर



सकाळी कोट घालून, फाइल घेऊन बसस्टँडला निघालो आणि नेनोच्या टपरीमागे जाऊन उभा राहिलो. तिथून आमचं फाटक दिसतं. साडेआठला यिपेता बाहेर आली. झुनिल्दाने काळा चष्मा लावला होता, खिडकीवर कोपर टेकला होता. एका झटक्यात वळण घेऊन डोंगराच्या रस्त्याला लागली. मी तसं वळण कधीच घेतलं नाही.

मी रागाने फणफणत होतो. नेनो शेजारी येऊन उभा राहिला, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. डोंगराकडे बघत होता. वर सगळं काळं झालं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "त्याच टायरांवर गेल्या का हो बाई?"

तो शेतकरी, त्याचा घोडा, सगळं डोक्यातून पुसलं गेलं. फोन लावला. वर रेंज नसते. नेनोने टपरीचं दार ओढलं आणि मोटरसायकल काढली. "बसा. मला घट्ट धरा. वळणाला मी जिकडे कलेन तिकडे तुम्हीही कला. आणि तोंड बंद ठेवा."

पाऊस असा की समोरचं दिसेना. मी सगळ्या संतांना नवस बोललो. प्रत्येक वळणावर कठडा बघत होतो, कुठे तुटलाय का. एका ठिकाणी तुटलेला दिसला आणि मी किंचाळलो. नेनो ओरडला, "जुना आहे तो, जुना!"

वर एका तळणाच्या टपरीपुढे यिपेता दिसली. नीट बाजूला लावलेली, दिवे लुकलुकत होते. झुनिल्दा आत बसून तळलेलं डुकराचं मांस आणि युकाचा कंद खात होती. एकटी.

मी आणि नेनो नखशिखांत भिजलेले. फाइलचा लगदा. तिने आम्हाला पाहिलं आणि घास तसाच हातात राहिला.

"कोण आहे तो?" एवढ्या धावपळीनंतरही मी विचारलं हेच! वकील मेला तरी उलटतपासणी सुटत नाही.

"कोण कोण? वर जाते, स्ट्रॉबेरी घेते, खाली येते."

"कशासाठी?"

"गाडी चालवायला, रादामेस. एवढी गाडी घेतलीस आणि गोगलगायीसारखी फिरवतोस. तिची कीव येते मला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तूही आला असतास. शेजारी बसून शिकवलं असतंस."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "तिसऱ्या वळणावर मागची चाकं सुटली. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबले. तिथून रांगत इथवर आणली गाडी." तिने प्लेट बाजूला सरकवली. "कोणी घेतले रे असे टायर?"

मी घेतले. तिने पावसाचं विचारलं होतं आणि मी तिला रबराचे प्रकार सांगितले होते. मी तिथेच बाकावर बसलो आणि रडलो. नेनोच्या देखत, टपरीवालीच्या देखत. फार घाबरलो होतो. ती नसती तर मी काय केलं असतं, हे लिहायचा धीर होत नाही.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

क्लबला गेलो नाही. फाउस्तोचा फोन आला, "काय वाघोबा, टायर कसे आहेत?" म्हटलं, तुला हवे असतील तर घेऊन जा, काळ्या चाकांवर खुलतील. पण डोंगरात जाऊ नकोस.

सोमवार, २३ ऑक्टोबर

शोरूममध्ये झुनिल्दा आणि नेनो तासभर टायरांच्या खाचांत बोटं घालून बघत होते. विक्रेता सारखा माझ्याकडे वळून सांगायचा, मी प्रत्येक वेळी तिच्याकडे बोट दाखवायचो. तिची पर्स माझ्या हातात होती. जपानी ठरले.

काउंटरवरच्या बाई हमीपत्र भरत होत्या. "गाडी कोण चालवतं?"

"त्या," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"मी शेजारी बसतो. गप्प."