पालथी बाज

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

इरा सहा वर्षांची असताना एका रविवारी आम्ही दोघी गॅलरीत उन्हाकडे पाठ करून बसलो होतो. मी तिच्या ओल्या केसांतला गुंता सोडवत होते. ती चिंचेची गोळी गालात धरून पाढे म्हणत होती आणि सातच्या पाढ्यात अडकली की गोळीला दोष देत होती. बाकी काही घडलं नाही. आज इथल्या ओटीवर ऊन पाठीला लागलं आणि ती दुपार जशीच्या तशी समोर आली. इरा आता कॅनडात असते. सातचा पाढा तिला अजून येत नाही.

तर पोचले एकदाची. आसनगावला उतरून शहापूर, तिथून किन्हवलीची एसटी, फाट्यापासून टमटम. एकसष्टाव्या वर्षी नवी नोकरी आणि नवं घर! शाळेत सिस्टर ॲग्नेस रोज पाच ओळी लिहायला लावायच्या, त्या सवयीने ही वही उघडली आहे.

संस्थेने हे घर बाळंतिणींच्या समुपदेशनासाठी भाड्याने घेतलं आहे. पुढच्या पडवीत मंगळवारचा गट भरायचा, मागच्या खोलीत मी राहायचं. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांच्या गावांतून बायका येतील. मदतीला सरू आहे, ओढ्यापलीकडच्या वाडीतली, पन्नाशीची. माझ्यामागे कोण कोण येणार, असं तिने विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर म्हणाली, बरं झालं, भांडी कमी.

घरमालक देवजीशेठ किल्ली द्यायला शहापुराहून आले होते. चहा नको म्हणाले. पायरी चढलेच नाहीत.

९ नोव्हेंबर

बसायला खुर्च्या कमी पडणार म्हणून आज घर धुंडाळलं. मागच्या गोठ्यात एक बाज सापडली, पालथी घातलेली, पाय वर. लाकूड उत्तम, फक्त काथ्या सैल झालेला. सरू बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, इकडे बाळंतीण गेली की तिची बाज अशी पालथी घालतात. जाळत नाहीत, त्यावर बसत नाहीत, सरळ तर कधीच करत नाहीत. कुणाची, विचारलं, तर म्हणाली, होती एक कामाला.

मी आग्रह केला नाही. संध्याकाळी बघते तर सरूने आपणहून बाज सरळ करून धुतलेली, नवा काथ्या आणून दोरी ताणलेली. मला कौतुक वाटलं. इतक्या वर्षांची समजूत बाजूला ठेवायला धाडस लागतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला गट. सात बायका. माझी नेहमीची पद्धत: मधोमध एक जागा रिकामी ठेवायची, ज्याचा राग आहे तो तिथे बसलाय असं समजायचं आणि पोटातलं बोलायचं. आज मधोमध बाज ठेवली.

सुरुवात मी केली, प्रत्येक शिबिरात करते तशी. इरा दीड महिन्याची होती. मी थकले होते. तिला पाण्याच्या टबात ठेवून दोन मिनिटं गॅलरीत गेले. शेजारच्या बाईंनी तिला उचललं. आज मी त्या थकलेल्या मुलीला माफ केलं आहे.  

मग दर्शना बोलली. मुलगी झाली म्हणून सासूने, ताराबाईने, तिला महिनाभर नुसत्या पेजेवर ठेवलं. जावेला मुलगा झाला तेव्हा डिंकाचे लाडू केले होते. मिताली म्हणाली, तिचा नवरा दिपेश बाळ रडलं की कानात वायरी घालतो, सकाळची फास्ट पकडायचीय म्हणतो. एकीने दिपेशची नक्कल केली आणि सगळ्या हसता हसता रडल्या. निर्मला तेवढी बोलली नाही. सरूच्या वाडीतली, एकोणीस वर्षांची, दोन महिन्यांचा संजू छातीशी. बाळंतिणीची उदासी मोजायच्या दहा प्रश्नांच्या कागदावर सर्वांत जास्त गुण तिचे. इथे जास्त म्हणजे वाईट. तिला म्हटलं, पुढच्या वेळी खरं असेल ते बोल, मी आहे.

बाजेची दोरी मधोमध थोडी खाली गेली आहे. नवा काथ्या ताणतोच.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

ताराबाईला पाच दिवस घास गिळत नाही. भात तोंडात तसाच राहतो, पेजसुद्धा बाहेर येते. दर्शनाने खाली बघून सांगितलं. दिपेशला सारखं बाळ रडताना ऐकू येतं. गुरुवारी तो घरी यायला निघाला आणि आसनगावला उतरलाच नाही. कसाऱ्याला बाकावर कान दाबून बसलेला सापडला.

अपराधी मन शरीरातून बोलतं, असं मी समजावलं. पण दर्शनाचा कागद अठरावरून सहावर आला आहे. आज तेरा जणी आल्या. बाजेजवळ कुणी बसलं नाही.

शेवटी सरू हात पुसत आली. बाजेसमोर उभी राहून तिने देवजीचं नाव घेतलं. भिमी तिची धाकटी बहीण. याच घरी कामाला होती. भाताची झोडणी चालली होती तेव्हा गोठ्यात बाळंत झाली, ताप चढला. दारात जीप उभी होती, पण भाताने भरलेली. शेठ म्हणाले, भात उतरल्यावर बघू. तिसऱ्या दिवशी मूल गेलं, सातव्या दिवशी भिमी. या बाजेवर.

मी सरूचा हात धरून होते. भर बाराला, चौदा बायकांच्या देखत, रिकाम्या बाजेची दोरी खाली गेली. कुणीतरी सावकाश टेकावं तशी.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

देवजीशेठ आज पहाटे गेले. ताप होता. आज सातवा दिवस. तीन मुलगे, दारात गाडी, आणि प्रत्येकाला वाटत राहिलं की दुसरा नेईल.

मी बाज उलटी करायला गेले. सरू मध्ये उभी राहिली.

"बाई, तुमीच सांगलात ना, पोटात ठेवू नका."

बायका माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, आज कुणीही काही बोलायचं नाही. तेवढ्यात निर्मला बोलली. पहिल्यांदाच. संजूकडे बोट करून.

"ह्यो मला खातो. सगला ह्योच खातो."

दोरी खाली गेली.

दोन आठवडे मीच तिच्या मागे लागले होते, खरं बोल म्हणून.

२९ नोव्हेंबर

संजू अंगावर पीत नाही. वाटीचमच्यानेही नाही. झोळीच्या काट्यावर तीन किलो नऊशेचा तीन किलो चारशे झाला. तालुक्याच्या डॉक्टरांनी ठाण्याला पाठवलं. तिथेही काही सापडलं नाही. नाकातून नळी घातली, दूध तसंच उलटून आलं. निर्मलाच्या नवऱ्याने त्याला घरी आणलं.

निर्मला म्हणते, तिला तसं म्हणायचं नव्हतं. मग म्हणाली, म्हणायचं होतं. दोन्ही खरं आहे, हे मला कळतं. बाजेला एकच कळलं.

१ डिसेंबर

काल एकटीने बाज पालथी केली. आज सरळ आहे. मधोमध ओली. बाळंतिणीला देतात त्या ओवा-शेपेच्या धुरीचा वास — घरात विस्तव नाही.

२ डिसेंबर

दोन किलो नऊशे.

सरूला विचारलं, हात जोडून विचारलं. तिने भांडं खाली ठेवलं.

"भिमीला पोराचा राग नाय, बाई. पन खरं बोललेला ती सोडत नाय. त्याच्याहून खरं कोनी बोललं तं —"

 परत घासायला लागली.

त्याच्याहून खरं माझ्याकडे आहे. तेहतीस वर्षं शिबिरांतून मी ते माफ करून दाखवलं. लोक टाळ्या वाजवतात.

३ डिसेंबर, मंगळवार

सगळ्यांना परत पाठवलं. बाराला बाजेसमोर बसले. बोलले.

मी थकले नव्हते. दोन मिनिटं नव्हती. टब भरलेला होता, मला माहीत होतं. गॅलरीत पाठमोरी उभी राहून मी पाण्याचा आवाज थांबायची वाट बघत होते. शेजारच्या बाईंनी इराला उचललं तेव्हा मला रागच आला. मध्ये पडल्याचा.

गॅलरीतल्या त्या पाठमोऱ्या बाईला घे, म्हटलं. माझं पूर्ण नाव सांगितलं.

दोरी जमिनीला टेकली.

४ डिसेंबर

संजू प्यायला. सरू ओढ्यावरून धावत सांगायला आली. निर्मला रडली म्हणे, पहिल्यांदा मोकळी. मी हसले, सरूही हसली.

पाय घोट्यापर्यंत ओले आहेत. जमीन कोरडी.

५ डिसेंबर

कमरेपर्यंत पाणी. गार. डोळ्यांना दिसत नाही, पण साडी अंगाला चिकटते, जड होते. उठता येत नाही. फोन पुढच्या पडवीत —

सरू ओटीवर आहे. हाक मारली. आत येत नाही. पाठमोरी उभी, ऐकत. मी उभी होते तशी.

दुपारी खिडकीतून, माझ्याकडे न बघता, सांगितलं तिने. त्या सात दिवसांत ती खळ्यावर होती. भात झोडत. मजुरी बुडेल म्हणून. गोठ्यात एकदाच गेली, भिमीला पाणी पाजायला.

६ डिसेंबर

छातीला लागलं. लवकर लिहिते.

वही इराला. तीन डिसेंबरचं पान तिला आधी वाचू दे. माफ कर असं मी म्हणत नाही. तिला माहीत असावं.

झोळीचा काटा निर्मलाला. आठवड्याला एकदा वजन, जास्त नाही, घाबरेल. आज तीन किलो शंभर, दर्शनाने खिडकीतून ओरडून सांगितलं. ती आत यायला धजत नाही, बरोबर आहे.

कागद सगळे मितालीला. संस्थेला देण्याआधी तिने नावं खोडावीत.

शाल दर्शनाला. घरातलं धान्य ताराबाईला, तिला घास उतरायला लागला तर.

बाज सरूला देऊ नका. ती मागेल. तिच्याकडे एक नाव उरलंय, स्वतःचं — ती बोलायच्या आत कुणीतरी तिला धरा. सांगा, तू खळ्यावर होतीस हे खरं, आणि तू पाणी पाजलंस हेही तितकंच — दोन्ही बोल म्हणावं, एकदम, एका दमात — मी हे कधी कुणाला शिकवलंच नाही, मला वाटलं माफ केलं की — हनुवटी — सरू, दोन्ही, ऐक, दोन्ही बोल, नाहीतर भिमी फक्त एकच