माइकवर दुसराच

२ एप्रिल, मोताळा
इंग्लंडच्या माझ्या आवडत्या बँडचा इतिहास यूट्यूबवर परत पाह्यला. कॉलेजातले चार दोस्त, एक जुना ऑर्गन, अन् वीस-वीस मिनिटांचं एकेक गाणं. इंग्रजी अर्धी समजते, अर्धी मी अंदाजानं लावतो. बायको म्हणे, "हे गाणं संपते कधी?" संपू नये म्हणून तं ऐकतो, बाई!

५ एप्रिल
जयंतीच्या भीमगीतांची प्रॅक्टिस. बाबूदादाचा आवाज अंतऱ्यात पुन्हा फाटला. वरचा सूर लागतच नाही आता. आमची गाण्याची पार्टी त्यानंच उभी केली. माझ्या मोठ्या काकाचा पोरगा, मले पेटी त्यानंच शिकवली.
तो पाणी प्यायले बाहेर गेला, तसा ढोलकीवाला संजू म्हणे, "औंदा मलकापूरचा गायक आणू. दादाले तू सांग, तुह्या घरचा हाय." सगळे माझ्याकडे पाहून राह्यले. मी हाव म्हणून मान हलवली. काऊन हलवली?

७ एप्रिल
त्या बँडच्या पहिल्या गायकाची मुलाखत सापडली. म्हातारा झाला. इतिहासात त्याच्यावर एकच वाक्य हाय, तिसऱ्या रेकॉर्डनंतर गायक बदलला. बस. तो सांगते, मले कोणी बोललंच नाही, प्रॅक्टिसले गेलो तं माइकवर दुसराच उभा.
किती हलकट लोक! अन् ज्याईनं हे केलं त्याईलेच मी इतकी वर्षं डोक्यावर घेतलं. आज एकही गाणं लावलं नाही.

१० एप्रिल
सांगायचंच ठरवून दादाकडे गेलो. तो गुळण्या करून राह्यला होता, मंग ज्येष्ठमध तोंडात. "औंदा वरचा सूर लावतोच बे, पाहाजो!" मी म्हटलं, हाव दादा. वहिनीचे पोहे खाल्ले, परत आलो.
संजूचा फोन. "सांगितलं?"
"हाव."
म्हणे, मंग मलकापूरवाल्याले पक्कं करतो, तो तेराले प्रॅक्टिसले येईन. खोटं कसं पटकन निघालं तोंडातून. लाज वाटते.

१३ एप्रिल
प्रॅक्टिस संध्याकाळी सातले. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. दोनदा दादाचा नंबर काढला, ठेवून देला. संजूलेही खरं सांगता आलं नाही. मलकापूरवाला हॉलवर पोचला म्हणे, माइक लावून पाहून राह्यला.
हे लिहून राह्यलो तं दारात गाडीचा हॉर्न. दादाच. उद्याचा निळा कोट आजच घातला त्यानं. "चाल बे, उशीर होते! कीबोर्ड घे, मांगं बस."
आलो, दादा.
रस्त्यात सांगतो. हॉल तं पुढच्या चौकातच हाय.